टोटल कमी की फ्री कमी? टेस्टोस्टेरॉनच्या रिपोर्टातल्या दोन वेगळ्या गोष्टी

पन्नाशी ओलांडली की बेळगाव, निपाणी, चिकोडी, कुठंही जावा, शुगर-बीपीच्या गप्पांत आता टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन पण घुसलंय. लॅबच्या कागदावर "टोटल टेस्टोस्टेरॉन २४०" असं ठळक अक्षरात आलं की माणूस हादरतोच, मग "आमच्या बाबांचं पण असंच होतं म्हणे, घराण्यातच हाय हे" म्हणत डोक्याला हात लावून बसतो. घराण्यात असू शकतं की, नाही म्हणत नाही. पण घराण्यातनं नेमकं काय आलंय ते कुणी बघत नाही, सगळा घोळ तिथंच होतोय.

एक म्हणजे हार्मोन खरंच कमी तयार होतंय. दुसरं म्हणजे हार्मोन पुरेसं हाय, पण रक्तात त्याला धरून ठेवणारं प्रोटीन कमी हाय. कागदावर दोन्हीत टोटल कमीच दिसतंय.

हे प्रोटीन म्हणजे एसएचबीजी (सेक्स हार्मोन बाइंडिंग ग्लोब्युलिन), लिव्हरमध्ये तयार होतं. रक्तातलं बहुतेक सगळं टेस्टोस्टेरॉन याला नाहीतर अल्ब्युमिन या रक्तातल्या दुसऱ्या प्रोटीनला चिकटलेलं असतं, एकदम मोकळं फिरतं ते २ टक्क्यांच्या आसपास, त्यालाच फ्री म्हणतात. अल्ब्युमिनची पकड सैल, एसएचबीजीची घट्ट. आता असं समजा, खानापूरहून बेळगावला येणाऱ्या बसगाड्यांत बसलेली माणसं आणि उतरून बाजारात कामाला लागलेली माणसं अशी सगळी मिळून झाली टोटल, आणि फक्त उतरलेली ती फ्री. गाड्या कमी झाल्या की एकूण बेरीज घटली, पण बाजारात माणसं तेवढीच असू शकतात. शरीरात हे जमतं कारण मेंदू आणि त्याच्या खालची पिट्युटरी ग्रंथी या मोकळ्या हार्मोनचा अंदाज घेऊनच वृषणांना कमी-जास्त काम लावत असतात, टोटलचा आकडा त्यांना दिसतच नाही.

आता जीन्सकडं येऊ. एसएचबीजीचा जीन १७ नंबरच्या क्रोमोसोमवर असतो, म्हणजे एक कॉपी आईची एक वडिलांची. २०११ मध्ये युरोपियन वंशाच्या १४ हजारांहून जास्त पुरुषांवरचा एक मोठा जेनेटिक अभ्यास आला, त्यात या जीनमधले काही फरक आणि एक्स क्रोमोसोमवरचा एक फरक टोटल कमी असण्याशी जोडलेले सापडले. असे तीन किंवा जास्त फरक ज्यांच्यात होते त्यांच्यात टोटल ३०० (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली असण्याची शक्यता, एकही फरक नसलेल्यांच्या मानानं ६.५ पट. आकडा वाचून घाबरायला होतं, पण तो टोटलचा हाय, फ्रीचा नव्हे, आणि युरोपियन वंशाच्या लोकांतला आकडा आपल्या घराण्याला जसाच्या तसा लावूही नये. बाकी एक्स क्रोमोसोम मुलाला आईकडूनच मिळतो, त्यामुळं सगळं खापर बाबांवर फोडणाऱ्यांनी एकदा आजोळकडं पण बघावं.

खरी कमतरता आणणारं जेनेटिक कारण वेगळंच असतं. सगळ्यात जास्त दिसणारं म्हणजे क्लाइनफेल्टर सिंड्रोम, एक एक्स क्रोमोसोम जादा असणं, साधारण ६०० पुरुषांत एक. वृषणं लहान आणि घट्ट राहतात, एलएच-एफएसएच (वृषणांना काम लावणारे पिट्युटरीचे हार्मोन) वर चढलेले असतात, आणि गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की कित्येकांना ते आयुष्यभर कळतच नाही, कळलंच तर मूल होत नाही म्हणून तपासायला गेल्यावर.

वय वाढेल तसा याच्या उलटा घोटाळा पण होतो. वयाबरोबर एसएचबीजी वाढत जातं, त्यामुळं साठी-सत्तरीतल्या सडपातळ माणसाचं टोटल झकास नॉर्मल येतं आणि फ्री मात्र खाली गेलेलं असतं. म्हणजे ज्याला खरंच त्रास होतोय त्याला "सगळं ठीक हाय" म्हणून घरी पाठवतात आणि ज्याला काही नाही तो इंजेक्शन शोधत फिरतो! उलट पोट सुटलेलं आणि टाइप २ शुगर असली तर एसएचबीजी खाली येतं, आणि वजन फारच वाढलं असेल तर हार्मोन बनणं पण खरंच घटतं, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच माणसात. तिथं जीन्सला दोष देण्याआधी वजनाचा काटा बघितलेला बरा, किलो उतरले की आकडा वर येतो हे बऱ्याच जणांत दिसतंय.

युरोपात ४० ते ७९ वयाच्या पुरुषांत लैंगिक तक्रारी अधिक टोटल आणि फ्री दोन्ही कमी, अशी कडक अट लावून मोजलं तेव्हा वयामुळं खरी कमतरता फक्त २.१ टक्के लोकांत निघाली, २०१० चा अभ्यास. एवढी जाहिरात चालते त्या मानानं किती कमी बघा.

म्हणून रिपोर्ट २४० आला तर लगेच काही सुरू करू नका. सकाळी उपाशीपोटी, दहाच्या आत, वेगळ्या दिवशी परत तपासा, संध्याकाळी दुकान बंद करून दिलेल्या रक्ताचा आकडा कमीच येणार. सोबत एसएचबीजी आणि अल्ब्युमिन करून घ्या, त्यावरून फ्री हिशोबानं काढता येतं, साध्या किटवर थेट मोजलेल्या फ्रीवर माझा तरी भरवसा नाही. एलएच, एफएसएच पण करा. एसएचबीजी कमी, फ्री नॉर्मल, एलएच नॉर्मल असेल तर गाड्या कमी हायत एवढंच. फ्री कमी आणि एलएच वर असेल तर वृषणांतच अडचण, फ्री कमी असून एलएच पण खाली किंवा नुसतं नॉर्मल असेल तर पिट्युटरीकडं किंवा वजनाकडं, झोपेकडं, चालू गोळ्यांकडं बघायला लागतं, आणि ते एंडोक्रायनॉलॉजिस्टचं (हार्मोनच्या डॉक्टरचं) काम, जिमच्या ट्रेनरचं नव्हे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की पिट्युटरी एलएच बंद करते, शुक्राणू पार शून्यापर्यंत जाऊ शकतात आणि रक्त घट्ट होतं, त्यामुळं अजून मूल हवं असलेल्या चाळिशीतल्या भावांनी तर नुसत्या टोटलवर इंजेक्शन घेऊच नये.