सायकलच्या साखळीची जोडकडी

सायकलच्या साखळीची दोन टोके एकमेकांना जोडणारी आणि गरजेप्रमाणे पुन्हा उघडता येणारी कडी म्हणजे जोडकडी. दुकानात तिला ‘चेन लॉक’ म्हणतात, तर गिअरच्या सायकली चालवणाऱ्यांत ‘क्विक लिंक’ हे नाव रुळले आहे. साखळी एका कंपनीची आणि जोडकडी दुसऱ्या कंपनीची असली तर चालते का, हा प्रश्न दुरुस्ती करणाऱ्यांपुढे वारंवार येतो. त्याचे उत्तर पाकिटावरच्या नावापेक्षा साखळीच्या रुंदीवर अवलंबून असते.

साखळीत आतल्या आणि बाहेरच्या कड्या आळीपाळीने येतात. आतल्या कडीत दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये फिरणारे रोलर असतात, तर बाहेरच्या कडीत दोन पट्ट्या आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या दोन पिना असतात. जोडकडी नेहमी बाहेरच्या कडीच्या जागी बसते, त्यामुळे जोडायच्या दोन्ही टोकांना आतलीच कडी असावी लागते. हान्स रेनोल्ड यांनी मँचेस्टरमध्ये १८८० साली बुश-रोलर साखळीचे पेटंट घेतले. आजच्या जवळपास सर्व सायकलींच्या साखळ्या त्याच घराण्यातल्या असून लगतच्या दोन पिनांमधले अंतर सर्वत्र १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच असते. हे अंतर सारखे असल्यामुळेच कोणतीही कडी कोणत्याही साखळीला बसेल असा समज होतो, आणि बहुतेक चुकांचे मूळ तिथेच आहे.

फरक असतो तो रुंदीत. मागच्या चाकावरील दातेरी चक्रांची संख्या वाढत गेली तशी ती जवळजवळ आली आणि साखळी बाहेरून अरुंद करावी लागली. आठ चक्रांच्या साखळीची बाहेरची रुंदी सुमारे ७.१ मिमी, नऊची ६.६, दहाची ५.९, अकराची ५.५ आणि बाराची ५.३ मिमी असते. दहाच्या साखळीला नऊची कडी लावली तर पिना लांब पडतात. कडी डावी-उजवीकडे हलते, ओढ कमी-जास्त होताना उघडण्याचा धोका राहतो आणि तिची कड शेजारच्या चक्राला घासते. उलट, कडी अरुंद पडली तर ती बसतच नाही किंवा बसून ताठ राहते. अशी ताठ कडी ओळखणे सोपे आहे. पेडल हाताने उलटे फिरवून मागच्या डिरेलरच्या, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेच्या, दोन लहान चक्रांकडे पाहावे. प्रत्येक फेऱ्यात एकाच ठिकाणी साखळी उसळते आणि डिरेलरचा दांडा झटका खातो.

एकाच चक्रसंख्येतही रुंदी अगदी सारखी असतेच असे नाही. कॅम्पॅग्नोलो या कंपनीची सुरुवातीची दहाची साखळी ६.१ मिमीची होती, नंतरची ५.९ मिमीची झाली. म्हणून दहाची कडी घेताना केवळ आकडा सांगून भागत नाही, साखळीचे मॉडेलही सांगावे लागते. त्या मानाने आठ आणि नऊच्या साखळ्यांत केएमसी, स्रॅम आणि शिमानो या कंपन्यांची सरमिसळ पुष्कळ वर्षे बिनघोर चालत आली आहे. शिमानोने तर दीर्घकाळ जोडणीसाठी विशेष पिनच दिली आणि स्वतःची जोडकडी अकराच्या पिढीत आणली; तोवर तिच्या साखळ्यांना इतरांच्या कड्या लावणे ही रोजची गोष्ट होती. अकरा-बाराच्या पातळीवर मात्र मिलिमीटरच्या दहाव्या भागालाही महत्त्व येते, त्यामुळे तिथे साखळी बनवणाऱ्याचीच कडी घेणे शहाणपणाचे. स्रॅमच्या फ्लॅटटॉप साखळीच्या बाबतीत तर पर्यायच नाही: तिच्या पट्ट्यांची वरची कड सपाट असते आणि तिला त्याच घडणीची जोडकडी लागते.

गिअर नसलेल्या सायकलींच्या रुंद साखळीचे लॉक तीन भागांचे असते: पिना बसवलेली एक पट्टी, दुसरी सुटी पट्टी आणि त्यांना अडकवणारी स्प्रिंगची क्लिप. क्लिपची बंद बाजू साखळी धावते त्या दिशेला ठेवतात. उघडी बाजू पुढे आली तर काही अडकल्यावर क्लिप निसटू शकते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या या कड्या बहुधा एकमेकींना चालतात. गिअरच्या सायकलींत वायपरमन कंपनीच्या कॉनेक्स जोडकडीच्या पट्टीला बाक असतो आणि ती उलटी बसवली तर लहान चक्रावर साखळी उडते. काही कड्यांवर दिशेचा बाण कोरलेला असतो, तोही पाळावा.

दोन तुकड्यांची जोडकडी हाताने सरकवून ‘टक्क’ असा आवाज येईपर्यंत ओढली की लागते. कडी अरुंद असेल तर ती साखळीच्या वरच्या ओळीत आणावी, मागचा ब्रेक दाबून धरावा आणि पेडलवर जोर द्यावा. सिंहगडासारख्या चढावर साखळीला जो ताण बसतो, त्यापुढे अर्धवट लागलेली कडी टिकत नाही. स्रॅमच्या दहा ते बाराच्या कड्या आणि शिमानोची कडी एकदाच वापरायची असते, केएमसीच्या काही कड्या पुन्हा वापरता येतात; हा फरक सरमिसळ करताना विसरला जातो आणि काढलेली कडी सर्रास परत लावली जाते.

दोन कंपन्यांच्या साखळ्यांचे तुकडे जोडून एक साखळी करणे हा वेगळा प्रकार आहे. रुंदी जुळली तरी झीज जुळतेच असे नाही. नव्या साखळीच्या बारा इंचांत, म्हणजे ३०४.८ मिमीमध्ये, दीड मिमीची वाढ झाली की झीज अर्धा टक्का भरते. इतक्या वापरलेल्या साखळीत नवा तुकडा घातला तर त्याचे रोलर झिजलेल्या दातांवर वेगळ्या ठिकाणी बसतात आणि जोर दिला की साखळी सटकते. वाटेत तुटलेली साखळी घरापर्यंत नेण्यापुरताच हा उपाय ठीक आहे.