अप्रेंटिसशिप वेगळी, इंटर्नशिप वेगळी

"मॅडम, अप्रेंटिसला लागलो." जून उजाडला की हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतं. मी सांगलीतल्या एका कॉलेजच्या प्लेसमेंट विभागात काम करते. मुलं आनंदाने कागद पुढे करतात आणि कागद असतो इंटर्नशिपचा. तोवर मुलाने घरी अप्रेंटिस मिळाल्याचं सांगितलेलं असतं आणि वडिलांनी गावात सांगितलेलं असतं, पोरगं नोकरीला लागलं. एकाच कागदाला तीन नावं पडलेली असतात.

उलटंही होतं. तिसऱ्या वर्षातली मुलगी कुपवाडच्या एमआयडीसीत अप्रेंटिसच्या करारावर सही करायला निघते आणि मला विचारते, "याचे चार क्रेडिट मिळतील ना?" क्रेडिट म्हणजे पदवीसाठी जमवायचे श्रेयांक. कॉलेज चालू, सहावं सत्र चालू, आणि कारखान्याची वेळ सकाळी साडेआठची.

हा घोळ मी इतक्या वेळा सोडवला आहे की आता एकदाच सविस्तर लिहिते. दोन्ही शब्द इंग्रजीतून आलेले, दोन्हीत 'शिप', दोन्हीत शिकता शिकता काम आणि हातात थोडे पैसे. पण यातली एक चुकली तर तुमचा महिना जातो. दुसरी चुकली तर वर्ष जातं, आणि ती संधी पुन्हा येत नाही.

इंटर्नशिप तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. ती पदवीच्या पोटात असते. मिरजेत 'इंटर्न' म्हटलं की लोकांना सिव्हिलमधला तरुण डॉक्टर आठवतो, आणि ते उदाहरण अगदी नेमकं आहे: एमबीबीएसची ती वर्षभराची आंतरवासिता पुरी झाल्याशिवाय पदवी हातात पडत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या आराखड्यातही ऑन जॉब ट्रेनिंग किंवा इंटर्नशिप आली. एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे चार क्रेडिटला १२० तास. रोज चार तास दिले तर महिनाभराचं काम. विद्यावेतन मिळालं तर मिळालं, त्याची सक्ती नाही. शिवाय इंटर्नशिप कितीही वेळा करता येते. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत बँकेत, दुसऱ्या वर्षी सी.ए.च्या ऑफिसात, तिसऱ्या वर्षी आणखी कुठे.

अप्रेंटिसशिप, म्हणजे सरकारी कागदावरची 'शिकाऊ उमेदवारी', ही कायद्याची गोष्ट आहे. तो कायदा शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१. आधी तो आयटीआयच्या ट्रेडपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. किर्लोस्करवाडी १९१० पासून आपल्या भागात उभी आहे. कारखान्यात शिकून माणूस तयार होतो, हे इथल्या आईवडिलांना पटवून द्यावं लागत नाही. 'अप्रेंटिस' या शब्दाला घराघरात वजन आहे ते त्यामुळेच. आणि ते वजन पाहूनच काही जण साध्या, बिननोंदणीच्या कामालाही तोच शब्द चिकटवतात. त्याची मला मनापासून चीड आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. मुलं फरक विचारतात तेव्हा पैशांचा विचारतात: कुठे जास्त मिळतात? पालक कायम होण्याचा विचारतात. दोन्ही प्रश्न चुकीच्या टोकाला धरलेले आहेत. पहिला प्रश्न एकच असायला हवा: तुमच्या नावाचा करार सरकारी पोर्टलवर नोंदला गेला आहे का?

इंटर्नशिपला कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र पुरतं. अप्रेंटिसशिपला ते पुरत नाही. तुम्ही आणि आस्थापना यांच्यात करार होतो, तो नोंदला जातो आणि त्याला नोंदणी क्रमांक मिळतो. पदवी आणि पदविकेवाल्यांचं काम नॅट्स (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना) या योजनेच्या पोर्टलवरून चालतं; आपल्या भागासाठी त्यामागचं कार्यालय म्हणजे मुंबईचं पश्चिम विभागीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ. आयटीआय आणि इतर ट्रेडसाठी २०१६ ची नॅप्स (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना) आहे. क्रमांक नसेल तर साहेब तुम्हाला कितीही प्रेमाने अप्रेंटिस म्हणोत, कायद्याच्या लेखी तुम्ही अप्रेंटिस नाही.

या एका नोंदीवर बाकी सगळं लटकलेलं असतं. किमान विद्यावेतन त्यामुळेच लागू होतं: २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिना किमान ९,००० रुपये आणि पदविकाधारकाला ८,००० रुपये ठरले, आणि नॅट्समध्ये या किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. यंत्रावर हात सापडला तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते, तीही याच कायद्याने. बिननोंदणीच्या इंटर्नसाठी असं काही लिहून ठेवलेलं नसतं. वर्ष पुरं झाल्यावर मंडळाचं प्रमाणपत्र मिळतं, तेही नोंदणी असेल तरच. एक खूण लक्षात ठेवा: या कायद्याखालचा शिकाऊ उमेदवार 'कामगार' नसतो, त्याला पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होत नाहीत. तुम्हाला अप्रेंटिस म्हणून घेतलं आणि पगारातून पीएफ कापला जातोय, तर तुम्हाला नेमकं काय म्हणून घेतलंय ते त्याच दिवशी विचारा.

इथपर्यंत मुलं मान डोलावतात. फसतात ती पुढच्या दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण वेळेचं. अप्रेंटिसशिप पूर्ण दिवसाची असते, कारखान्याच्या किंवा ऑफिसच्या घड्याळाने. आठवड्याला ४८ तास धरले आणि सुट्ट्या वजा करून वर्षाचे ५० आठवडे धरले तरी २,४०० तास होतात. इंटर्नशिपच्या १२० तासांच्या वीसपट. "सकाळी लेक्चर, दुपारी अप्रेंटिस, रात्री अभ्यासिका" असं वेळापत्रक मला एका मुलाने वहीत आखून दाखवलं होतं. तासगावहून एसटीने येणारा मुलगा. त्या वहीत एसटीचे दोन तास कुठेच नव्हते. मी त्याला तेवढेच दोन तास भरायला सांगितले. झोपेला साडेतीन तास उरले, तेव्हा त्याने स्वतःच पान फाडलं. पदवी चालू असताना अप्रेंटिसशिप करायची असेल तर ती पदवीच तशी बांधलेली हवी. शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेले पदवी अभ्यासक्रम आता यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, चौकटीत आहेत, त्यात वर्षाचा काही भाग अधिकृतपणे कारखान्यात जातो. तुमची पदवी तशी नसेल तर अप्रेंटिसशिप निकालानंतर. यावर मी वाद घालत नाही. आणि राज्यसेवेची तयारी 'बाजूने' करू म्हणणाऱ्यांनाही हेच सांगते: दिवसभर उभं राहून आल्यावर रात्री डोळे मिटतात, पुस्तक उघडत नाही. वर्ष कशाला द्यायचं ते आधी ठरवा.

दुसरं ठिकाण जास्त वाईट, कारण ते उशिरा कळतं. अप्रेंटिसशिप एकदाच मिळते. आणि नॅट्समध्ये येण्यासाठी आधीचा कामाचा किंवा प्रशिक्षणाचा अनुभव एक वर्षाच्या आतला लागतो. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं की तुम्ही अपात्र. आता काय होतं पाहा. जतकडचा एक हुशार मुलगा बी.कॉम. झाल्यावर एका ऑफिसात 'इंटर्न' म्हणून बसला. तीन महिने ठरले होते, ते सहा झाले, सहाचे चौदा. महिना पाच हजार, खोलीभाडं आणि मेस जाऊन हाती काही नाही. दर वेळी सांगितलं जायचं, पुढच्या महिन्यात अप्रेंटिसमध्ये घालतो. चौदा महिन्यांनी त्याला दुसरीकडे खरी, नोंदणीची जागा मिळत होती. फॉर्ममध्ये अनुभवाचा रकाना आला आणि तो माझ्यासमोर गप्प बसून राहिला. अनुभव लपवायचा तर तो कशासाठी केला, आणि लिहायचा तर दार बंद. त्या ऑफिसने त्याला शेवटी अनुभवाचं साधं पत्रही धड दिलं नाही. तो मुलगा आळशी नव्हता, बेफिकीर नव्हता. त्याला फक्त पहिल्या महिन्यात कुणी सांगितलं नाही की तो रोज काय खर्च करतोय.

म्हणून पदवीनंतरची इंटर्नशिप तीन महिन्यांच्या वर नेऊ नका असं मी सांगते. फार तर सहा. ही सरकारी मर्यादा नाही, माझी आहे, आणि मी तिच्यावर ठाम आहे.

याच ठिकाणी सरकारी योजनांची नावं आणखी गोंधळ वाढवतात. २०२४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली. नाव इंटर्नशिप, पण वागणूक अप्रेंटिसशिपसारखी. सुरुवातीचे नियम असे: बारा महिने, महिना ५,००० रुपये, वय २१ ते २४, आणि पूर्णवेळ शिक्षण किंवा नोकरी चालू नको. त्याच नियमांप्रमाणे ज्याने आधी नॅट्स किंवा नॅप्समधून अप्रेंटिसशिप केली आहे, त्याला इथे जागा नाही. म्हणजे एका दारातून गेलात की दुसरं मिटतं. त्याच वर्षी राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली: बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये, आधी सहा महिने, नंतर मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढली. ग्रामपंचायतीत, शाळेत, तहसीलमध्ये बसलेले प्रशिक्षणार्थी तुम्ही पाहिले असतील. त्यांनाही गावात 'अप्रेंटिस' म्हणतात. ती १९६१ च्या कायद्याखालची शिकाऊ उमेदवारी नाही.

बाकीचे फरक किरकोळ आहेत, पण विचारले जातात. बी.ए.वाल्यांना कोण अप्रेंटिस घेणार, हा समज जुना झाला. २०२१ मध्ये केंद्राने नॅट्सला पाच वर्षांसाठी मुदतवाढ दिली, तेव्हा कला, वाणिज्य आणि विज्ञानाचे पदवीधरही त्यात धरले. सी.ए.ची आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए. होण्यासाठीचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, हा तिसराच प्रकार. ती सी.ए.च्या इन्स्टिट्यूटच्या नियमांनी चालते आणि जुलै २०२३ पासून दोन वर्षांची आहे. 'कमवा आणि शिका' तर यातलं काहीच नाही. कर्मवीरांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, त्या परंपरेतली ही स्वावलंबनाची वाट आहे: कॉलेजच्या आवारात ठरावीक तास काम, त्याचे पैसे, आणि शिक्षण अखंड चालू. ज्याला शिकत असताना पैशांची गरज आहे त्याने आधी तिथे नाव घालावं. तासांचं गणित तिथे तुमच्या वर्गाला धरून बसवलेलं असतं.

पैसे भरून मिळणाऱ्या इंटर्नशिपबद्दल एकच वाक्य: प्रमाणपत्रासाठी दोन-तीन हजार मागणाऱ्याकडे जाऊ नका.

आणि पालकांचा प्रश्न: अप्रेंटिस झाल्यावर कायम करतात का? करावंच लागेल असं कायदा म्हणत नाही. कुणाला घ्यायचं याचं धोरण आस्थापनेने स्वतः ठरवायचं असतं. काही ठिकाणी मात्र त्या प्रमाणपत्राला उघड किंमत आहे. रेल्वेच्या लेव्हल एकच्या, म्हणजे सर्वांत खालच्या पदांच्या, भरतीत रेल्वेत कायद्याखालची अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना २० टक्के जागा राखीव असतात. मिरज जंक्शनच्या आसपासच्या आयटीआयच्या मुलांना हे पाठ असतं, पदवीच्या मुलांना 'अ‍ॅक्ट अप्रेंटिस' हा शब्दही ऐकून माहीत नसतो. त्या 'अ‍ॅक्ट'चा अर्थ एवढाच की हा कायद्याखालचा, नोंदणीचा अप्रेंटिस.

गेल्या जुलैत एका मुलाने कंपनीच्या गेटवरून फोन केला. पलूसकडचा, बी.एस्सी. नुकताच झालेला. "मॅडम, आत बोलावलंय, सही करायला सांगतायत. काय विचारू?" मी म्हटलं, एवढंच विचार: नॅट्सवर करार नोंदणार का, आणि क्रमांक कधी मिळेल? वीस मिनिटांनी पुन्हा फोन. एचआरच्या बाईंनी सरळ सांगितलं होतं, अप्रेंटिसच्या जागा भरल्या, ही तीन महिन्यांची इंटर्नशिप आहे, सप्टेंबरअखेर संपेल. "घेऊ का?" घे म्हटलं. कागदावर शेवटची तारीख लिहून घे, आणि घरी अप्रेंटिस म्हणून सांगू नकोस. ऑक्टोबरात तो नॅट्सच्या यादीतल्या दुसऱ्या कंपनीत रुजू झाला. रुजू झाल्याच्या आठवड्यातच त्याने मला मेसेज केला. त्यात फक्त करार नोंदणी क्रमांक होता.