थेरपिस्ट आधी बालपणच उकरतो का?

फॉरवर्डमध्ये वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: थेरपीत आधी बालपण उकरतात आणि तुमची ‘खरी’ समस्या कोणती, ते थेरपिस्ट एकटाच ठरवतो.

काही पद्धतींत बालपणावर भर असतो, हे खरं. पण कोणती अडचण आधी हाताळायची, हा क्रम सहसा वेगळ्या गोष्टींवरून ठरतो. सर्वांत आधी सुरक्षितता: आत्महत्येचे विचार, स्वतःला इजा, घरातली मारहाण, व्यसन. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीत ० ते २७ गुण मिळतात. पण नवव्या, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या प्रश्नाला शून्याहून जास्त गुण असतील, तर एकूण बेरीज कमी असली तरी त्याची चौकशी आधी होते. हे टाळून चालतच नाही.

मग थेरपिस्ट आणि मदतीसाठी आलेला माणूस, दोघं मिळून अडचणींची यादी करतात. कशाचा त्रास किती, कशामुळे काम आणि नाती अडतात, आणि कोणती अडचण बाकीच्यांना खतपाणी घालते? झोप उडाली की चिडचिड, भांडणं, कामातल्या चुका वाढतात. म्हणून कधीकधी झोपेपासून सुरुवात होते, जरी माणूस भांडणांसाठी आलेला असला तरी. इथे कारण न सांगता विषय बदलला, तर माणसाला आपलं ऐकलंच नाही असं वाटतं आणि तो येणं थांबवतो.

पडताळायचं असेल तर सत्रातच विचारा: ‘हेच आधी का? फरक पडतोय हे कसं कळेल? पुन्हा कधी तपासायचं?’ उत्तर पटलं नाही तर क्रम बदलायला सांगता येतं.