विज्ञानाचा दैनंदिन प्रश्नसराव

विज्ञानाचा दैनंदिन प्रश्नसराव : सातवी-आठवीच्या वर्गात रोज ठरावीक वेळी, आधी शिकवून झालेल्या भागावरचे तीन ते पाच बहुपर्यायी प्रश्न सोडवून घेण्याची पद्धत. महाराष्ट्रात ती मुख्यतः राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेच्या, म्हणजे शिक्षकांच्या बोलण्यातल्या ‘एनएमएमएस’च्या निमित्ताने रुजली. पालकांना जास्त ओळखीची असलेली शालेय ‘स्कॉलरशिप’ परीक्षा वेगळी. तिच्यात भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी असते, विज्ञान नसते. त्यामुळे ‘स्कॉलरशिपचा अभ्यास चाललाय’ एवढ्यावरून मूल विज्ञानही करत असेल असे धरून चालता येत नाही.

एनएमएमएस ही केंद्र सरकारची योजना २००८ मध्ये सुरू झाली. परीक्षा आठवीत द्यायची आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आधी ही रक्कम ६,००० होती. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतली, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या घरांतली मुले तिला बसू शकतात. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये या योजनेतून वगळलेली आहेत. राज्यात परीक्षा घेण्याचे काम पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद करते. बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी असे प्रत्येकी ९० गुणांचे, ९० मिनिटांचे दोन पेपर असतात. शालेय क्षमता चाचणीत विज्ञानाचे ३५ प्रश्न असतात : भौतिकशास्त्र ११, रसायनशास्त्र ११, जीवशास्त्र १३. प्रश्नाला सरासरी एक मिनिट मिळते, आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत.

रोजच्या सरावाची गरज वेळापत्रकातून येते. प्रश्न सातवी आणि आठवी अशा दोन इयत्तांच्या अभ्यासक्रमावर असतात आणि परीक्षा साधारण डिसेंबरच्या सुमारास होते. सातवीतला ‘स्थितिक विद्युत’ किंवा ‘भौतिक राशींचे मापन’ हा धडा तोवर वर्षभर जुना झालेला असतो. पुस्तक घरी असलेच तर धाकट्या भावंडाकडे गेलेले. आठवीच्या तासाला नवा धडा पुढे न्यायचा असतो. मागचा भाग पुन्हा शिकवायला तासिका कुठून आणायची? पाच-दहा मिनिटांचा प्रश्नसराव ही त्यावरची तडजोड आहे.

शाळेत त्याची जागा बहुधा परिपाठात किंवा विज्ञानाच्या तासिकेच्या सुरुवातीला असते. परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष यांच्या जोडीला सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारण्याची रीत जुनीच आहे. तिथे विज्ञान शिरले. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेले असतात. मुले वहीत फक्त पर्यायाचा क्रमांक लिहितात, वह्यांची अदलाबदल होते आणि तपासणी तिथल्या तिथे उरकते. परीक्षा जवळ आली की उत्तरपत्रिकेवरचे गोल रंगवण्याचाही सराव घेतला जातो. टाळेबंदीनंतर हेच प्रश्न व्हॉट्सॲप गटांवर आणि गुगल फॉर्मवरही जाऊ लागले. मात्र घरातला एकुलता मोबाइल वडिलांबरोबर कामावर गेला असेल, तर सकाळचा प्रश्न रात्री सुटतो.

चांगला प्रश्न ओळखावा तो त्याच्या चुकीच्या पर्यायांवरून. ‘पृथ्वीवर ६ किलोग्रॅम वस्तुमान असलेली वस्तू चंद्रावर नेली, तर तिचे वस्तुमान किती?’ याला शून्य, १, ६ आणि ३६ किलोग्रॅम असे पर्याय दिले, की ‘चंद्रावर एकषष्ठांश’ एवढेच लक्षात राहिलेले मूल १ वर बोट ठेवते. वजन बदलते, वस्तुमान बदलत नाही, हा फरक त्याच्या डोक्यात बसलेला नाही हे शिक्षकाला अर्ध्या मिनिटात कळते. क्लोरीनची संयुजा, म्हणजे दुसऱ्या अणूंशी जोडले जाण्याची क्षमता, विचारली तर २, ८, ७ हे इलेक्ट्रॉन संरूपण (कक्षांतली इलेक्ट्रॉनांची मांडणी) तोंडपाठ असलेली मुले हमखास ७ सांगतात. उत्तर १ आहे, कारण बाहेरच्या कक्षेतले अष्टक, म्हणजे आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण व्हायला एकच इलेक्ट्रॉन हवा. वर्तुळाकार मार्गावर एक फेरी पूर्ण केल्यावर विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचे सरळ अंतर, किती, हा प्रश्नही याच जातीचा. ‘शून्य’ हा पर्याय अनेकांना विनोद वाटतो. अशा वेळी पुढचा प्रश्न बाजूला ठेवून त्या एका पर्यायावर बोलणे जास्त फायद्याचे.

स्मृतीच्या अभ्यासाचा या पद्धतीला आधार आहे. शिकलेले सुरुवातीला वेगाने विसरले जाते, हे हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, उतारा पुन्हापुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते; आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी बाजी मारली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला मॅकडॅनियल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास तर थेट अमेरिकेतल्या आठवीच्या विज्ञान वर्गातला आहे. ज्या भागावर छोट्या चाचण्या घेतल्या होत्या त्या भागात मुलांना घटक परीक्षेत स्पष्टपणे जास्त गुण पडले, आणि परीक्षेच्या आधी उजळणी म्हणून घेतलेल्या चाचण्या विशेष उपयोगी ठरल्या.

अमेरिकेतही ही सवय परीक्षेच्याच रेट्याने वाढली. तिथल्या २००२ च्या शिक्षण कायद्यानुसार २००७-०८ पासून सहावी ते नववीच्या टप्प्यात निदान एकदा विज्ञानाची राज्यस्तरीय परीक्षा घेणे सक्तीचे झाले. टेक्सासमध्ये २०१२ पासून ‘स्टार’ नावाची परीक्षा आहे. तिच्या आठवीच्या विज्ञान पेपरात सहावी-सातवीचा भागही येतो, म्हणजे दुखणे आपल्यासारखेच. वर्गात येताच फळ्यावरचा प्रश्न सोडवायला बसायचे, याला तिकडे ‘बेल रिंगर’ किंवा ‘वॉर्म-अप’ म्हणतात.

पद्धत बिघडते ती बहुतेक उत्तरसूचीपाशी. जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच रोज पाचाच्या जागी पंचवीस सोडवून घेतले जातात आणि चर्चेऐवजी ‘एकचा ब, दोनचा ड’ एवढेच वाचून दाखवले जाते. पर्यायांचा क्रम बदलला की अशा तयारीतली मुले अडखळतात. दुसरी अडचण प्रयोगांची. आठवीच्या ‘आम्ल, आम्लारी ओळख’ या धड्यात दर्शके, म्हणजे रंग बदलून आम्ल की आम्लारी ते दाखवणारे पदार्थ, येतात, आणि हळद आम्लारीत लाल होते हे वाक्य सरावात अनेकदा पाठ करून घेतले जाते. साबण आम्लारीधर्मी, म्हणून सदऱ्यावर सांडलेल्या आमटीचा डाग तो लावताच लालसर होतो, हे घरोघरी दिसते. एखादे शिक्षक हळद लावलेली कागदाची पट्टी आणि साबणाचे पाणी वर्गात आणतात. त्या दिवशी पाचऐवजी एकच प्रश्न होतो.