बफर वेगळा, स्पेसर वेगळा, आणि टायरला लागते ती जागा तिसरीच

‘दीड इंच उचललीय, आता कुठलाही टायर बसतो.’ जुन्या स्विफ्टबद्दल, आल्टोबद्दल, वॅगनआरबद्दल हे वाक्य साताऱ्यापासून मिरजेपर्यंत सगळीकडे ऐकू येतं आणि प्रत्येक वेळी ते चूकच असतं. गाडी उंच करण्यामागची गरज खरी आहे. बामणोलीकडे उतरताना किंवा वाळव्यात उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोरीतून जाताना पोट घासतं, इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर फुटायची भीती असते. पण ‘उचलली’ या एका शब्दात दोन निरनिराळी कामं कोंबली जातात, आणि टायर घासायला लागला की दोष टायरला दिला जातो.

बफर सगळ्यांना माहीत आहे: स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये दाबून बसवलेला रबरी किंवा पॉलियुरेथेनचा तुकडा. स्वस्त, अर्ध्या तासात बसतो, गाडी लगेच उंच दिसते. स्पेसर म्हणजे पुढच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाच्या) वर, माउंटिंग आणि बॉडी यांच्यामध्ये घातलेली जाड चकती. ती घालायला स्ट्रट सोडवावा लागतो, मजुरी जास्त पडते. किंमत, मजुरी, गाडी किती कडक होते हे फरक कुठलाही मेकॅनिक सांगेल. खरा फरक चाक वर-खाली कुठून कुठवर जातं यात आहे.

चाकाच्या हालचालीला दोन टोकं असतात. खड्ड्यात आदळल्यावर चाक वर येतं आणि बंप स्टॉपला, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्याला, टेकून थांबतं, ते वरचं टोक. चाक हवेत लोंबकळतं तेव्हा शॉकअप पूर्ण उघडतो, ते खालचं. उभी गाडी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसलेली असते. बफर घातला की गाडीची बसण्याची जागा तेवढी बदलते, टोकं होती तिथेच राहतात. पावसाळ्यात विहिरीचं पाणी वर आलं म्हणून विहिरीचा तळ वर येत नाही, तसंच हे. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये उभ्या गाडीत चार बोटं फट दिसते, पण पाच माणसं बसवून खड्ड्यात गेलात की चाक पूर्वीइतकंच वर येऊ शकतं. बफरमुळे स्प्रिंग कडक होते, त्यामुळे तिथवर पोचायला जास्त जोर लागतो, एवढंच. मोठा टायर घासतो तो तिथे, पार्किंगमध्ये नाही. म्हणून उभ्या गाडीत बोटं घालून फट मोजणाऱ्यावर मी अजिबात विश्वास ठेवत नाही.

स्पेसर मात्र पूर्ण स्ट्रट खाली ढकलतो, त्यामुळे दोन्ही टोकं सरकतात. २० मिमीचा स्पेसर असेल तर खड्ड्यातही चाक पूर्वीपेक्षा साधारण २० मिमी खालीच थांबतं. ही जागा खरी. तिची किंमतही खरी आहे: चाक लोंबकळताना पुढच्या चाकाला फिरवणारा एक्सलचा दांडा तितकाच जास्त तिरका होतो, त्याच्या जॉइंटवर ताण येतो आणि जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, लवकर फाटतो. जाडीच्या मोहात पडू नका. स्पेसर घातल्यावर अलाइनमेंटही करावीच लागते. ज्या गाड्यांना मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, तिथे नुसत्या स्प्रिंगखाली घातलेली चकती बफरचंच काम करते. बंप स्टॉप तितकाच खाली आणला नाही तर जागा वाढत नाही.

आणि स्पेसरलाही न जमणारं एक काम आहे. पुढचा टायर स्ट्रटवरच्या वाटीखाली (जिच्यावर स्प्रिंग टेकते तिच्याखाली) असतो आणि चाक व वाटी एकत्रच वर-खाली होतात. उंच टायर त्या वाटीजवळ जातो, रुंद टायर आत स्ट्रटच्या नळीजवळ. गाडी फूटभर उचललीत तरी हे अंतर मिलिमीटरनेही वाढत नाही.

उलट, ॲक्सलखालची जागा फक्त टायरच वाढवतो. आल्टोला मागे अखंड ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा. बॉडी कितीही उचला, तो जमिनीपासून तितकाच राहतो आणि चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला तोच आधी भेटतो.

टायरचं गणित सोपं आहे, तरी ते कोणी करत नाही. टायरवरचा पहिला आकडा रुंदी मिमीमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि ‘आर’ नंतरचा रिमचा व्यास इंचात. १६५/८० आर १४ चा व्यास सुमारे ६२० मिमी. त्याजागी १५ इंची अलॉयवर १८५/६५ घातला तर ६२१.५ मिमी, म्हणजे एवढा खर्च करून उंची एक मिमीसुद्धा वाढली नाही. मोठी रिम म्हणजे मोठा टायर हा समज डोक्यातून काढून टाका. १७५/८० आर १४ घातला तर व्यास ६३५.६, उंची ८ मिमी वाढते. १८५/८० वर गेलात तर १६ मिमी, पण व्यास पाच टक्क्यांनी वाढतो: काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ ने धावत असते, आणि यवतेश्वरचा घाट भरल्या गाडीने चढताना दुसरा गिअर ओढत नाही. जुन्या छोट्या इंजिनाला मी तीन टक्क्यांच्या पुढे जाऊ देणार नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल अंगाशी येऊ शकतो.

पंधरा वर्षांच्या गाडीत हे सगळं करण्याआधी स्प्रिंगा बदला. त्या बसलेल्या असतात, आणि बफर घालून लोक बहुतेकदा हरवलेली मूळ उंचीच परत आणत असतात. नव्या मूळ स्प्रिंगा आणि नवी माउंटिंग टाकल्यावर निम्म्या गाड्यांना आणखी काही करावंसंच वाटणार नाही.

तरीही मोठा टायर हवाच असेल तर विकत घेण्याआधी दुकानातून एकच चाक मागून आणा. पुढच्या स्ट्रटमधली स्प्रिंग काढून स्ट्रट परत बसवा, लोअर आर्मखाली जॅक लावून चाक बंप स्टॉपला टेकेपर्यंत उचला आणि स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. वाटी, मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं लायनर, मडगार्डची कड, बंपरचा मागचा कोपरा, सगळीकडे टॉर्च मारून बघा. कुठेही टेकलं तर टायर एक माप खाली आणा, मडगार्डवर हातोडा चालवू नका; ठोकलेल्या कडेचा रंग उडतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंज धरतो.