किंमत तीच, वजन कमी: पाच रुपयांच्या पुड्यामागची गोष्ट

नव्वदच्या दशकात पारले-जीचा 100 ग्रॅमचा पुडा चार रुपयांना मिळायचा. 2021 पर्यंत तो पाच रुपयांचा झाला होता आणि आत बिस्किटं उरली होती 55 ग्रॅम. मधल्या काळात वजन 92.5, मग 88 असं उतरत आलं. छापील किंमत 25 टक्क्यांनी वाढलेली दिसते. किलोच्या हिशेबाने मात्र 40 रुपयांचे जवळजवळ 91 रुपये झाले.

एवढ्यावरून कंपनीने लुबाडलं असं म्हणता येणार नाही. गव्हाचा हमीभाव 1994 च्या सुमारास क्विंटलला साधारण 350 रुपये होता, 2021 च्या हंगामात 1,975. गव्हाच्या मानाने बिस्कीट स्वस्तच राहिलं. माझा आक्षेप वाढीला नाही, ती गिऱ्हाइकाच्या नजरेआड होते याला आहे.

1929 मध्ये विलेपार्ल्यात सुरू झालेल्या या कंपनीने उघड भाववाढही करून पाहिली होती. या शतकाच्या सुरुवातीला पुडा अवघ्या 50 पैशांनी महाग केला, तर खप घसरला आणि वाढ मागे घ्यावी लागली. टपरीवर चहाबरोबर पुडा घेणाऱ्याच्या हातात नाणं असतं. साडेचार किंवा साडेपाच सांगितले की सुट्या पैशांची अडचण गिऱ्हाइकालाही आणि दुकानदारालाही. म्हणून पाच आणि दहा रुपयांचे पुडे ठरून गेले आणि महागाईचा भार वजनावर पडू लागला. वेफर्स, शेव, नूडल्स, सगळीकडे हेच.

कायद्यानेही नजर किमतीवरच खिळवली. 1990 पर्यंत पुड्यावर ‘स्थानिक कर वेगळे’ असं छापता यायचं आणि त्याच्या आडून दुकानदार मनाला येईल ते उकळायचे. मग सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापणं सक्तीचं झालं. गिऱ्हाइकाच्या हाती मोठंच हत्यार आलं. वजनासाठी 1977 पासूनचे नियम होते: चहा, बिस्किटं, खाद्यतेल अशा वस्तू ठरावीक मापांतच विकायच्या. पण ‘प्रमाणित आकाराचा पुडा नाही’ असं छापून वेगळं वजन विकायची मुभाही काही काळ होती.

2022 साल या सगळ्याची कसोटी ठरलं. युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेल अडलं, 28 एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, आणि त्याच महिन्यात आपल्याकडे किरकोळ महागाईचा दर 7.79 टक्क्यांवर गेला. बिस्किटांपासून फरसाणापर्यंत सगळ्यांना पामतेल लागतं. मॅगीचा 70 ग्रॅमचा पुडा मार्चमध्येच 12 वरून 14 रुपयांवर गेला होता. ही उघड वाढ होती. पाच-दहाच्या पुड्यांत मात्र ग्रॅम घटले. नेमकी त्याच वर्षी ठरावीक मापांची यादीही नियमांतून गेली आणि वजन किती ठेवायचं हे कंपन्यांच्या मर्जीवर आलं.

त्या बदल्यात पुड्यावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापायची अट आली. अट योग्य आहे, पण छोट्या पुड्यांवर ती निकामी ठरते. किलोच्या आतल्या पुड्यावर दर ग्रॅमला छापायचा आणि दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्ण करायचा, असा नियम आहे. पाच रुपयांत 58 ग्रॅम दिले तरी दर येतो 0.09 रुपये, आणि 53 ग्रॅम दिले तरी 0.09 रुपये. पाच ग्रॅम काढून घेतल्याचा मागमूसही त्या आकड्यात उरत नाही. ज्या पुड्यांत वजन सर्रास कमी होतं, तिथेच हा आकडा मुका आहे.

22 सप्टेंबर 2025 ला बिस्किटांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा हाच पेच उलट्या बाजूने उभा राहिला: पाचाच्या पुड्याची किंमत पैशांत उतरवायची, की वजन वाढवायचं?

फ्रान्सने 1 जुलै 2024 पासून मोठ्या दुकानांना सक्ती केली आहे की वजन घटवून दर वाढवलेल्या वस्तूजवळ तशी पाटी दोन महिने लावायची. आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे असली पाटी लावून घेणं अवघड आहे, आणि घट करणारा तो नसतोच. पण पुड्यावर दर 100 ग्रॅमला छापायला काहीच अडचण नाही. 58 ग्रॅमला तो 8.62 रुपये येईल, 53 ग्रॅमला 9.43.