शून्य अंशाच्या काठावरचा बर्फ

ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर म्हणजे स्कॉटलंडचा बेन नेव्हिस. उंची १३४५ मीटर. आपलं कळसूबाई त्याहून तीनशे मीटरने उंच! तरीही भर हिवाळ्यात याच्या उत्तरेकडच्या कड्यावर चढण्यासाठी देशोदेशीचे कसलेले गिर्यारोहक येतात, ते तिथल्या बर्फासाठी.

जितकी थंडी जास्त तितका बर्फ पक्का, असं आपण धरून चालतो. इथे नुसत्या थंडीने भागत नाही. नुकतंच पडलेलं हिम भुसभुशीत असतं. त्यात हिमकुऱ्हाड मारली तर ती कशातच रुतत नाही. मग अटलांटिकवरून उबदार, दमट वारा येतो. तापमान शून्याच्या जरा वर जातं, हिमकणांची नाजूक टोकं वितळतात आणि ते पाणी कणाकणांमधल्या फटींत झिरपतं. वारा फिरून पुन्हा गारठा पडला की तेच पाणी गोठून कणांना एकमेकांशी जखडून टाकतं. हे चक्र पुन्हापुन्हा फिरलं की झीरो गली, पॉइंट फाइव्ह गली यांसारख्या प्रसिद्ध नाळांमध्ये, म्हणजे कड्यातल्या उभ्या, अरुंद घळींमध्ये, असा बर्फ भरतो की कुऱ्हाडीचं पातं एका घावात बसतं आणि त्यावर अंगाचा भार टाकता येतो.

म्हणजे चांगल्या बर्फाला वितळणंही हवं आणि त्यामागोमाग गोठणंही हवं. खरी अडचण इथेच आहे. बेन नेव्हिसच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ या काळात वेधशाळा होती. तिथली माणसं हिमवादळातही दर तासाला नोंदी घेत. त्या नोंदींनुसार माथ्याचं वार्षिक सरासरी तापमान शून्याच्या किंचित खाली होतं. इतक्या काठावरच्या डोंगराला थोडी तापमानवाढही जड जाते. हवा एका अंशाने तापली की गोठणरेषा, म्हणजे जिथे तापमान शून्यावर येतं ती उंची, साधारण दीडशे मीटर वर सरकते. हिमालयातल्या सहा हजारी शिखराला तेवढ्याने फारसा फरक पडणार नाही, पण इथे सगळी चढाईच शेवटच्या काही शे मीटरांत आहे. बर्फ वितळतो, पण पुन्हा गोठायची वेळ आली की माथ्यावर पाऊस कोसळत असतो.

उन्हाळ्यातही हा बदल दिसतो. स्कॉटलंडच्याच केर्नगॉर्म डोंगररांगेत ब्रेरिआख शिखराच्या कुशीत स्फिंक्स नावाचा बर्फाचा तुकडा वर्षभर टिकायचा. विसाव्या शतकात तो पूर्ण वितळला तो फक्त १९३३, १९५९ आणि १९९६ साली. या शतकात २०२२ पर्यंतच २००३, २००६, २०१७, २०१८, २०२१ आणि २०२२, इतक्या वेळा तो नाहीसा झाला.

केर्नगॉर्ममध्ये आणखी एक पेच आहे. तिथे बर्फाळ खडकावर चढताना फटींमधल्या गवताळ मातीत कुऱ्हाड रोवतात. ती माती आधी गोठायला हवी. ऊबदार शरदानंतर एकदम हिम पडलं, तर ते मातीवर पांघरुणासारखं बसतं आणि खालची ऊब कोंडून ठेवतं. लांबून कडा पांढराशुभ्र दिसतो, आत माती मऊच. अशा मातीत कुऱ्हाड ओढली तर गवत मुळासकट निघतं आणि त्याबरोबर हिमयुगानंतर या कड्यांच्या आश्रयाने उरलेल्या दुर्मीळ वनस्पतीही जातात. म्हणून माती गोठलेली नसेल तर त्या वाटेला जायचं नाही, असा तिथल्या गिर्यारोहकांचा दंडक आहे. दोर, खिळे सगळं पाठीवर घेऊन कड्याच्या पायथ्याशी आलेली माणसंही आधी मातीत पातं टोचून पाहतात आणि ती मऊ लागली तर माघारी फिरतात.